ग्रहणाचा दिवस कळतो, पण गाव कसं कळतं?

‘बॅबिलोनचे लोक पृथ्वी गोल न मानताही ग्रहणं सांगायचे,’ हा सपाट पृथ्वीवाल्यांचा आवडता मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे. ग्रहणं साधारण 18 वर्षं, 11 दिवस आणि 8 तासांनी पुन्हा येतात, हे जुन्या नोंदींवरून कळतं. खरी गोम त्या 8 तासांत आहे. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते आणि सूर्यग्रहणाची सावली भलतीकडेच पडते.

22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ नागपूरजवळच्या पुलगावात तळ ठोकून होते. पुलगावच का? कारण चिंचोळा खग्रास पट्टा तिथून जाणार, हे गोल पृथ्वी आणि चंद्राची कक्षा धरून केलेल्या गणिताने आधीच सांगितलं होतं. सपाट पृथ्वी धरून असा पट्टा सांगणारं गणित कुणाकडेच नाही.