पोलादाची झीज आणि आपला अंदाज

सप्टेंबर 2017मध्ये न्यूझीलंडच्या मार्सडन पॉइंट रिफायनरीतून ऑकलंडकडे इंधन नेणारी सुमारे 170 किलोमीटरची पाइपलाइन रुआकाकाजवळ फुटली आणि ऑकलंड विमानतळाचं वेळापत्रक कोलमडलं. कारण गंज नव्हे; खोदकामाच्या यंत्राने पूर्वी केव्हातरी पाइपला घाव घातला होता. तरीही गंजावरच्या या अंकाची सुरुवात आम्ही मुद्दाम तिथूनच करतो आहोत.

पाइपच्या पोटातून धावणारं ‘पिग’ हे चुंबकीय तपासणीयंत्र भिंत कुठे, किती पातळ झाली ते नोंदवतं. दोन तपासण्यांमधला फरक आणि मधली वर्षं यांवरून झिजेचा वेग निघतो, त्यावरून दुरुस्तीची वेळ ठरते. कागदावर सगळं सोपं! प्रत्यक्षात मोजमापात चूक असते, गंज एकाच वेगाने वाढत नाही, आणि तपासणीनंतर बसलेला घाव आधीच्या आकड्यांना ठाऊकच नसतो. म्हणून या अंकात गणिताइतकीच जागा त्यातल्या अनिश्चिततेला दिली आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. मुंबई-पुण्यात अनेक घरांत पाइपचा गॅस आला. शहरापर्यंत तो आणणाऱ्या मुख्य वाहिन्या पोलादीच आहेत. तेल, गॅस किंवा पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या वाचकांनी आपले अनुभव जरूर कळवावेत. मतभेद असतील, तर ते आधी!