नोंद पोचते, सेटिंग पोचत नाही

गोवा ब्रॉडबँड नेटवर्कने पेडणे, डिचोलीपासून मुरगावपर्यंतच्या सरकारी कचेऱ्या एका जाळ्यात आणल्या. अशा जाळ्यावर कर्मचाऱ्यांची खाती आणि अधिकार सांभाळायचे, तर एकट्या मुख्यालयातल्या डिरेक्टरी सर्व्हरवर भागत नाही. तालुक्यात त्याची प्रत असली, तर पावसात लाइन गेली तरी वास्कोच्या कचेरीतले लॉगिन अडत नाही. इथवर वाद नाही. वाद आहे तो कॅशेचा, म्हणजे वारंवार लागणाऱ्या नोंदी हाताशी ठेवायला दिलेल्या मेमरीचा. मुख्य सर्व्हरवरचे कॅशेचे आकडे सगळ्या प्रतींवर जसेच्या तसे उतरवा, हा सल्ला सोयीचा वाटतो, पण तो टिकणारा नाही.

रेप्लिकेशन, म्हणजे मुख्य सर्व्हरवरून प्रतींवर होणारी नक्कल, नोंदींचे होते. यंत्राने किती मेमरी वापरायची हा निर्णय त्यातून पुढे जात नाही. ३८९ डिरेक्टरी सर्व्हरमध्ये कॅशेचे आकडे ‘सीएन=कॉन्फिग’ या शाखेत असतात आणि ती शाखा ज्या-त्या सर्व्हरची स्वतःची असते. ओपनएलडॅप या दुसऱ्या डिरेक्टरी सर्व्हरच्या जुन्या बर्कली डीबी पद्धतीत ते ‘डीबी_कॉन्फिग’ फायलीत, प्रत्येक यंत्रावर वेगळे लिहावे लागत. समजा, मुख्यालयातल्या ६४ जीबीच्या यंत्रावर एंट्री कॅशेला १६ जीबी दिले आणि तोच आकडा तालुक्यातल्या ८ जीबीच्या यंत्रावर चढवला. पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही, कारण कॅशे हळूहळू भरते. ती भरत आली की यंत्र स्वॅपवर जाते, किंवा लिनक्स सर्व्हरची प्रक्रियाच बंद पाडतो. तोवर सेटिंग कोणी केले होते, हेही कोणाच्या लक्षात नसते.

सगळीकडे सारखे आकडे असले की देखभाल सोपी होते, असे यावर म्हटले जाईल. सारखी हवी ती पद्धत: आधी यंत्राची मेमरी पाहायची, त्या प्रमाणात कॅशे द्यायची, आठवडाभराने हिट रेशो, म्हणजे किती नोंदी कॅशेतूनच मिळाल्या ते प्रमाण, तपासून आकडा सुधारायचा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ओपनएलडॅप २.५ ने २०२१ मध्ये बर्कली डीबीचे बॅकएंड काढून टाकले. त्याच्या जागी वापरले जाणारे एलएमडीबी कॅशेचे काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवते, मग ही कटकट उरली कुठे? ओपनएलडॅपच्या सर्व्हरपुरती ती बरीच कमी झाली, हे खरे. पण कॅशे क्लायंटवरही असते. क्लायंटवर लॉगिन सांभाळणाऱ्या एसएसएसडीमध्ये नोंदीची मूळ मुदत ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास. पासवर्ड साठवण्याची सोय चालू केली असेल आणि ऑफलाइन मुदत घातली नसेल, तर लाइन तुटलेल्या कचेरीत काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याचा जुना पासवर्डही चालत राहतो. सगळ्या प्रती बिनचूक असल्या, तरी त्यावर उपाय होत नाही.

म्हणून देखभालीच्या करारात प्रत्येक सर्व्हरची मेमरी, कॅशेचा आकडा, हिट रेशो आणि क्लायंटच्या मुदती वेगळ्या नोंदवाव्यात. बदल करणाऱ्याचे नाव आणि तारीखही तिथेच लिहावी. या कामाला नवे यंत्र लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. जबाबदारी मात्र कोणाच्या तरी नावावर लिहावी लागते.