लावणीचे घर

मराठी समीक्षेने लावणीचा विचार केला तो बहुधा शाहिराच्या वहीवरून. रामजोशी, होनाजी, प्रभाकर, पठ्ठे बापूराव ही नामावळी उच्चारली की परंपरा सिद्ध झाली, असा तो हिशोब. लावणी जेथे रोज रात्री उभी राहते ते संगीत बारीचे थिएटर या हिशोबात कोठेच जमा होत नाही.

पुण्याचे आर्यभूषण असो की चौफुला-मोडनिंबची थिएटरे असोत, ती केवळ भाड्याची सभागृहे नव्हेत. अनेक पार्ट्या एकाच वेळी तेथे मुक्कामाला असतात. खोल्या तेथेच, तालीम तेथेच, प्रत्येकीची बारी ठरलेली, आणि तिकिटाच्या खेळानंतर खासगी बैठक. गण, वग, सोंगाड्या हा ढोलकी फडाचा संसार येथे नाही. बैठकीच्या लावणीत बसून अदा करावयाची, एकच ओळ निरनिराळ्या भावांनी घोळवावयाची. हे समोर मोजके जाणकार हातभर अंतरावर असतील तरच साधते. हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात भुवई दिसत नाही. संहिता शाबूत राहूनही प्रकार बदलतो तो असा. तरीही महोत्सवांतील गर्दी दाखवून ‘लावणी टिकली’ असे सांगितले जाते. काय टिकले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

थिएटर हे शोषणाचे ठिकाण आहे, हा आक्षेप खोटा नाही. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) नंतर तो टाळताही येणार नाही. परंतु आक्षेप घेणाऱ्यांना तीच लावणी चित्रपटात चालते, सरकारी मंचावर चालते. चालत नाही ती फक्त बाई आणि तिची जागा. शर्मिला रेगे यांनी १९९५ सालीच या वर्चस्ववादी अपहरणाची चिकित्सा केली होती. मराठी विभागांनी ती समाजशास्त्राच्या खात्यावर टाकून हात झटकले. शोषणाचे उत्तर कलावतीच्या श्रमाच्या अटी बदलण्यात आहे, तिचा पत्ता पुसण्यात नव्हे.

८ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी उभारलेल्या, १९१५ सालापासूनच्या या वास्तूसाठी शहर हळहळले, पुनर्बांधणीची मागणी झाली. ते योग्यच होते. नाट्यसंगीताला घर असते हे तेथे कोणाला पटवून द्यावे लागले नाही. बैठकीच्या लावणीतून आलेल्या यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ती बैठक कोठे भरत असे, हे मात्र गौरवाच्या भाषणांत कोणी विचारले?