मुक्या फितीतली सवारी

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर मुलांनी मोबाइलवर एक जुनी फीत लावली. जेमतेम काही मिनिटांची. आवाज नाही, रंगही नाही. झुली पांघरलेले हत्ती एकामागून एक येतात, पाठीवरच्या अंबाऱ्या डोलतात आणि चित्राबाहेर निघून जातात. कडेला माणसांची दाटी. आमच्या दादींनी चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "ही सवारी कोणत्या बादशहाची रे?"

"बादशहा नाही दादी, इंग्रजांचा व्हाइसरॉय आहे तो," मुलं हसली.

दादींची चूक नव्हती. पाहणाऱ्याला बादशहाच आठवावा, अशाच थाटाची ही मिरवणूक होती. २९ डिसेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन यांनी दिल्लीत प्रवेश केला, त्या दिवशीची ही दृश्यं. इंग्लंडच्या गादीवर सातवे एडवर्ड आले होते, म्हणून १ जानेवारी १९०३ ला दिल्लीत दरबार भरला. राजेसाहेब स्वतः आले नाहीत, त्यांचे भाऊ ड्यूक ऑफ कॅनॉट आले. आधी १८७७ मध्ये लॉर्ड लिटन यांनी दरबार भरवला होता, पण त्यातली सजावट विलायती वळणाची होती. कर्झनना ती पसंत नव्हती. त्यांनी मंडप मोगली घाटाचा बांधून घेतला. देशभरचे संस्थानिक आपापल्या जुन्या वैभवानिशी आले. पुढच्या काही दिवसांत त्यांच्या शिबंदीचं संचलन झालं, तेव्हा आज्या-पणज्यांची चिलखतं आणि जिरेटोप घालून माणसं चालली. आपल्या मराठवाड्याचे तेव्हाचे राज्यकर्ते निजाम मीर महबूब अली खान दरबाराला होते. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगमही होत्या, बुरख्यात. एवढ्या राजेरजवाड्यांत राज्य चालवणाऱ्या त्या एकट्याच बाई. त्याआधी दोन-तीनच वर्षांपूर्वी देशात छपन्नचा भीषण दुष्काळ पडून गेला होता, हेही सांगायला हवं.

ही मिरवणूक जामा मशिदीला वळसा घालून गेली. आणि मशिदीच्या पायऱ्यांवर सरकारचे पाहुणे बसले होते, तमाशा पाहायला. ज्या पायऱ्या चढून माणसं नमाजला जातात, त्यांची त्या दिवशी गॅलरी झाली. हीच मशीद १८५७ नंतर इंग्रजांनी ताब्यात घेतली होती आणि १८६२ मध्ये परत दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात बहादूरशाह जफर रंगूनला कैदेत वारले.

आम्ही त्या तारखेला हिजरी तारीख कोणती पडते, ते मांडून पाहिलं, आणि थबकलो. २९ डिसेंबर १९०२ म्हणजे १३२० च्या रमजानचा शेवटचा अशरा. ईद दरबाराच्याच सुमारास आली होती. म्हणजे रस्त्याच्या कडेला उभ्या त्या गर्दीत कितीतरी रोजेदार असणार.

दिल्लीने ईदची खरी शाही सवारी पाहिली होती. १८४३ च्या ईदुल-फित्रला बहादूरशाह मिरवणुकीने निघाले, तिचं चित्र मजहर अली खान या चित्रकाराने काढलेलं आहे. दिल्लीतले कंपनीचे अधिकारी थॉमस मेटकाफ यांनी आपल्या मुलींसाठी चित्रांची एक वही करवून घेतली, तिच्यात ते आहे. लांबलचक चित्र, हत्ती, निशाणं, पायदळ. बादशहाचा अंमल तेव्हा किल्ल्याच्या भिंतींपलीकडे फारसा उरला नव्हता, तरी ती सवारी नमाजसाठी होती. कर्झननी सवारी तेवढी उचलली, नमाज वगळली. १९०२ साली दिल्लीत साठीच्या पुढची माणसं होतीच. लहानपणी त्यांनी जफरची सवारी पाहिलेली असणार. मुक्या फितीत त्यांचं बोलणं ऐकू येत नाही. बोलले असतील तरी दबक्या आवाजातच.

आपल्या मुंबईचे सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनीही कर्झनच्या या दरबाराचं चित्रीकरण केलं होतं. छायाचित्रणाच्या धंद्यातला हा मराठी माणूस विलायतेहून कॅमेरा मागवून चित्रफिती काढायचा. त्याची ती फीत आज पाहायला मिळत नाही, याची हळहळ वाटते. आपल्या माणसाने कॅमेरा हत्तीकडे धरला असेल की गर्दीकडे, एवढं तरी कळलं असतं.

हे सगळं आम्ही घरात सांगत होतो. मुलांचा अर्धा जीव मोबाइलमध्येच. धाकटीने मात्र विचारलं, "या उभ्या लोकांचं इफ्तार कुठे झालं असेल?" डिसेंबरचा दिवस लहान, संध्याकाळ लवकर होते, घरी पोचले असतील, असं आम्ही म्हणालो. दादी काही बोलल्या नाहीत. फीत संपली होती. "पुन्हा लाव," त्या म्हणाल्या, "आणि हत्ती राहू दे, ती कडेची माणसं मोठी करून दाखव."