चोर सोडून संन्याशाला फाशी

दुसऱ्याने कष्टाने बनवलेला सिनेमा चोरून विकणं ही चोरीच आहे. कायद्याने गुन्हा आहे आणि आपल्या धर्मानेही हराम आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पायरसीविरोधी कायद्यांबद्दल कुणी शंका काढली की पहिला आरोप ठरलेला असतो, 'म्हणजे तुम्ही चोरांच्या बाजूचे!' आम्ही कायद्याच्या बाजूचे आहोत. म्हणूनच चोर पकडण्याच्या नावाखाली कोणकोणते अधिकार मंजूर करून घेतले जात आहेत, ते वाचकांसमोर ठेवायचं आहे.

सुरुवात महाराष्ट्रापासूनच करू. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना स्थानबद्ध करण्यासाठी आपल्या राज्यात १९८१ चा एक कायदा आहे. पोलीस आणि पत्रकार त्याला 'एमपीडीए' म्हणतात. २००९ मध्ये या यादीत आणखी एक नाव घातलं गेलं, 'व्हिडिओ पायरेट'. सरकारी मराठीत 'दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती'. याचा अर्थ नीट समजून घ्या. या कायद्याखाली खटला न चालवता, गुन्हा शाबीत न करता माणसाला १२ महिन्यांपर्यंत आत ठेवता येतं. सल्लागार मंडळापुढे प्रकरण जातं, पण तिथे वकील उभा करण्याचा हक्क त्याला नसतो. विनाखटला कोठडी काय असते, हे आपल्या वस्त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

साधे कायदे अपुरे होते म्हणावं, तर तसंही नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पोलीस वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतात. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचंही सांगितलं. एवढं हाताशी असताना दारूच्या भट्टीवाल्याच्या पंगतीत सीडीवाल्याला बसवायची काय गरज होती?

आता हा सीडीवाला कोण, ते बघा. आमच्या शिरोड्यासारख्या कोकणातल्या कुठल्याही बाजारगावात एसटी स्टँडजवळ मोबाइलची दोन-चार दुकानं असतात. स्क्रीन बदलायची, रिचार्ज मारायचा, मेमरी कार्डात गाणी भरून द्यायची, यावर त्यांचं चालतं. आपल्या समाजातली कितीतरी मुलं दहावी-बारावीनंतर याच धंद्यात शिरतात. कार्डात सिनेमा भरून देणारा पोरगा चूक करतोच, त्याला दंड करा. पण चोरीचं मूळ त्याच्या टपरीत नसतं. जून २०१६ मध्ये 'उडता पंजाब' प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर फुटला, तेव्हा त्या प्रतीवर 'फॉर सेन्सॉर' असा शिक्का दिसत होता. म्हणजे प्रत सेन्सॉरसाठी तयार झालेली होती. ती कोकणातल्या टपरीवरून नक्कीच बाहेर पडलेली नव्हती. धाड मात्र पडते टपरीवरच.

हा झाला माणसांचा भाग. इंटरनेटचं काय होतं, ते त्याहून गंभीर आहे.

२०१२ मध्ये दोन दक्षिणी सिनेमांच्या पायरसीवरून चेन्नईच्या एका कंपनीने मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश मिळवला. प्रतिवादी कोण, तर 'अनोळखी इसम'. न्यायालयाच्या भाषेत याला 'जॉन डो' आदेश म्हणतात. इंटरनेट कंपन्यांनी तो घेतला आणि व्हिमिओसारखी अख्खी संकेतस्थळं बंद करून टाकली. व्हिमिओवर जगभरचे लोक स्वतः काढलेल्या फिल्म ठेवतात. त्यांना ना नोटीस गेली, ना त्यांचं म्हणणं कुणी ऐकलं. पुढे जूनमध्ये त्याच न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं, की बंद करायची ती नेमकी लिंक, पूर्ण संकेतस्थळ नव्हे.

धडा घेतला गेला का? ऑगस्ट २०१७ मध्ये हिंदी सिनेमांच्या निर्मात्यांच्या तक्रारीवरून त्याच न्यायालयाने २,६०० हून अधिक संकेतस्थळं बंद करायला सांगितली. त्या यादीत 'इंटरनेट अर्काइव्ह' होतं. ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ते जगातलं एक मोठं मोफत ग्रंथालय आहे. भारत सरकारच्या 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' प्रकल्पात स्कॅन झालेली हजारो जुनी मराठी पुस्तकं आज तिथेच वाचायला मिळतात. जे पुस्तक ना दुकानात आहे, ना तालुक्याच्या वाचनालयात, ते मोबाइलवर उघडतं. एका सिनेमाच्या पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यासाठी त्या ग्रंथालयाला कुलूप लागलं, आणि कुलूप का लागलं हे ग्रंथालयवाल्यांनाही आधी कुणी सांगितलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही.

याहून वेगळं करता येतं, हे आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेच दाखवून दिलं आहे. जुलै २०१६ मध्ये 'ढिशूम'च्या निर्मात्यांनी असाच सरसकट आदेश मागितला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो दिला नाही. आधी एकेक लिंक तपासा, शपथेवर यादी द्या, असं त्यांनी बजावलं. बंद पानावर ते का बंद आहे आणि तक्रार कुठे करायची, हे लिहायला लावलं. त्याच वर्षी बंद पानांवर असा मजकूर झळकू लागला होता, की नुसतं पाहिलं तरी तीन वर्षांची शिक्षा. लोक घाबरले. नुसतं पाहणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही, हेही याच न्यायालयाने सांगितलं. म्हणजे न्यायाधीशाने यादी वाचली तर निर्मात्याचं रक्षण होतं आणि ग्रंथालयही वाचतं. दोन्हींत वैर नाही.

पण वारं उलट दिशेने वाहतंय. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'डायनॅमिक' मनाई हुकूम आणला. एका संकेतस्थळावर बंदी आली की त्याची नवी रूपं पुन्हा नवा खटला न करता यादीत घालायची. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त झाला. त्यात तीन महिने ते तीन वर्षं कैद आली, किमान तीन लाख रुपये दंड आला, आणि तो निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने अधिकारी नेमले. त्यांनी सांगितलं की ४८ तासांत मजकूर काढायचा. न्यायाधीश मधून गेला, उरला तक्रारदार आणि अधिकारी.

'मग काय बिघडलं? सिनेमाच तर काढणार आहेत,' असं काहींना वाटेल. त्यांनी पालघर आठवावं. नोव्हेंबर २०१२ मध्ये शहर बंद का, एवढा प्रश्न फेसबुकवर विचारणाऱ्या एका मुस्लिम मुलीला आणि त्यावर 'लाइक' करणाऱ्या तिच्या हिंदू मैत्रिणीला पोलिसांनी अटक केली. कलम होतं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६अ. ते आणताना सांगितलं होतं की त्रासदायक संदेश पाठवणाऱ्यांना आळा घालायचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केलं, पण तोवर त्या दोन मुलींनी जे भोगायचं ते भोगलं होतं. कायदा आणताना सांगितलेला हेतू कागदावर राहतो. हत्यार ज्याच्या हातात जातं, तो ते आपल्या हेतूने वापरतो.

कॉपीराइटचंही हेच होऊ लागलं आहे. बातमीवर टीका करणाऱ्या व्हिडिओत दहा सेकंदांची चित्रफीत वापरली की यूट्यूबवर 'स्ट्राइक' येतो, आणि असे तीन आले की चॅनल जातं. २०२५ मध्ये काही यूट्यूबरनी जाहीर तक्रार केली, की स्ट्राइक मागे घेण्यासाठी एका वृत्तसंस्थेने त्यांच्याकडे लाखो रुपये मागितले. आपल्या कायद्यात टीकेसाठी आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी वापराची मुभा स्पष्ट लिहिलेली आहे. पण ती न्यायालयात सिद्ध करायला वर्षं लागतात, आणि चॅनल आठवड्यात बंद होतं. मुख्य प्रवाहातल्या वाहिन्यांवर ज्यांना जागा नाही, त्यांचं बोलणं याच लहान चॅनलांवर चालतं. त्यात आपणही आलो.

शिरोड्याच्या माणसाला हे सगळं परकं वाटू नये. इथल्या मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. समोर समुद्र, पायाखाली मीठ, आणि ते उचललं तर गुन्हा. इंग्रज सरकारचंही म्हणणं होतं की कायदा सगळ्यांसाठी आहे, महसूल बुडतो. लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला.

सिनेमा म्हणजे मीठ नव्हे, हे मान्य. मीठ समुद्र देतो, सिनेमा माणसं घाम गाळून बनवतात. हा फरक आपल्या परंपरेतही आहे. येमेनच्या अब्यद बिन हम्माल यांनी मआरिबची मिठाची जागा मागितली आणि पैगंबर साहेबांनी ती दिली. मग कुणी लक्षात आणून दिलं की ते मीठ वाहत्या पाण्यासारखं आहे, सगळ्यांच्या कामाचं. तेव्हा ती जागा परत घेतली गेली. आणि मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्या, हीदेखील त्यांचीच शिकवण. दोन्ही एकत्र वाचा. कलावंताची मजुरी बुडता कामा नये, आणि सगळ्यांची वाट एकाच्या नावावर होता कामा नये. सिनेमा ही मजुरी आहे, इंटरनेट ही वाट. मजुरी वसूल करायला वाटेवर काटे टाकायचे नसतात.

पायरसीमुळे उद्योगाचं वर्षाला २०,००० कोटींचं नुकसान होतं, असं सांगितलं जातं. फुकट पाहणारा प्रत्येक जण तिकीट काढणारच होता, असं धरलं तर आकडा कितीही फुगतो. ज्या गावात थिएटर नाही, जिथे मराठी सिनेमा येतच नाही किंवा तीन दिवसांत उतरतो, तिथला प्रेक्षक तिकीट काढणार तरी कुठे? परवडणाऱ्या दरात सरळ मार्गाने मिळालं तर बहुतेक लोक चोरवाट धरत नाहीत. गाण्यांच्या सीडी मोबाइल ॲपमुळे संपल्या, धाडींमुळे नव्हे.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. एमपीडीएमधून व्हिडिओ पायरेट काढा, गुन्हा असेल तर खटला चालवा. बंदी फक्त नेमक्या लिंकवर आणि न्यायाधीशाने यादी पाहिल्यावरच घाला. बंद केलेल्या संकेतस्थळांची यादी कारणासह जाहीर करा. ज्याचं पान बंद होतं त्याचं ऐकून घ्या. आणि खोटी तक्रार करणाऱ्याकडून भरपाई घ्या, नाहीतर स्ट्राइक हा खंडणीचा धंदा होईल.

हे होणार नाही असं समजू नका. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत असाच कायदा येऊ घातला होता. इंग्रजी विकिपीडियाने २४ तास आपली पानं काळी केली, लाखो लोकांनी आपल्या लोकप्रतिनिधींना कळवलं, आणि काही दिवसांत तो मसुदा बाजूला पडला. आपल्याकडेही मसुदे येतात, हरकती मागवल्या जातात, मुदत संपते, आणि हरकत पाठवतात फक्त कंपन्यांचे वकील. पुढच्या वेळी एक हरकत मराठीतून, तुमच्या नावाने गेली पाहिजे. आमदार-खासदार गावात आले की रस्ता आणि पाण्याबरोबर हाही प्रश्न विचारा. कुलूप लागल्यावर किल्ली मागत फिरण्यापेक्षा ते लागताना दारात उभं राहणं सोपं असतं.