मथळ्यात उंदीर दिसला पाहिजे

मधुमेहाच्या अमुक गोळीने यकृतावरची चरबी उतरली, तमुक इंजेक्शनाने रक्तवाहिन्यांतले थर कमी झाले, अशा बातम्या अधूनमधून येतच असतात. मथळा वाचून फॅटी लिव्हरचा रुग्ण हरखतो. प्रयोग उंदरांवर झाला होता, हे पाचव्या-सहाव्या परिच्छेदात कुठेतरी सापडते आणि व्हॉट्सॲपवर फिरताना तेवढेही उरत नाही. 2019 मध्ये जेम्स हेदर्स या संशोधकाने ट्विटरवर एक खाते उघडले आणि अशा बातम्यांना एकच शेरा मारायला सुरुवात केली: ‘उंदरांमध्ये’. शेरा खोचक होता, पण गरजेचा होता.

कारण प्रयोगशाळेतला हा उंदीर मुद्दाम घडवलेला असतो. साध्या उंदराच्या धमन्या तुंबतच नाहीत. त्याच्या रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये, म्हणजे ज्याला ‘चांगले’ म्हटले जाते त्या रूपात फिरते. म्हणून 1992 मध्ये अमेरिकेत नोबुयो माएदा आणि जॅन ब्रेस्लो यांच्या स्वतंत्र गटांनी रक्तातले कोलेस्टेरॉल उपसायला लागणारे एपीओई हे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. पुढच्याच वर्षी ‘वाईट’ कोलेस्टेरॉल रक्तातून उचलणारा एलडीएल रिसेप्टर नसलेला उंदीर आला. अशा उंदरांना चरबी आणि कोलेस्टेरॉलने भरलेले खाणे दिले, की माणसात जे व्हायला अनेक दशके लागतात ते थर काही आठवड्यांत साचतात. संशोधकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय. मात्र हे थर मुख्यतः महाधमनीच्या मुळाशी जमतात आणि क्वचितच फुटतात. माणसाला हृदयविकाराचा झटका बहुतेकदा येतो तो हृदयाच्या धमनीतला थर फुटून तिथे गुठळी झाल्यामुळे.

मधुमेहावरच्या रोसिग्लिटाझोनची कथा या संदर्भात आठवावी अशी आहे. हे औषध 1999 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. 2000 मध्ये एलडीएल रिसेप्टर नसलेल्या उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला: नरांच्या धमन्यांतले थर कमी झाले, माद्यांमध्ये मात्र फरक पडला नाही. 2007 मध्ये स्टीव्हन निसेन आणि कॅथी वोल्स्की यांनी माणसांवरच्या 42 चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे 43 टक्क्यांनी वाढलेला दिसला. 2010 मध्ये युरोप आणि भारत दोन्हीकडे विक्री थांबली. पुढे एका चाचणीच्या फेरतपासणीत एवढा धोका दिसला नाही आणि अमेरिकेने त्यावर घातलेले निर्बंध 2013 मध्ये शिथिल केले. तरीही उंदरांत दिसलेले संरक्षण माणसांत कधीच सिद्ध झाले नाही. या वादळातून निघालेली कामाची गोष्ट म्हणजे अमेरिकी नियामकाने 2008 मध्ये घातलेली अट: मधुमेहाचे नवे औषध हृदयाला धोकादायक नाही, हे कंपनीने दाखवावे.

यकृताचीही तीच गत. 2000 मध्येच मेटफॉर्मिनने लठ्ठ उंदरांचे फॅटी लिव्हर बरे केल्याचा अहवाल आला. ते उंदीर ‘ओबी/ओबी’ जातीचे होते. त्यांच्यात लेप्टिन हे भूक आवरणारे संप्रेरक तयारच होत नाही, त्यामुळे ते खातच सुटतात. माणसांत असा दोष अत्यंत दुर्मीळ. रुग्णांच्या यकृताचे तुकडे काढून तपासले, तेव्हा मेटफॉर्मिनचा ठोस फायदा दिसला नाही. साखरेसाठी ते आजही भरवशाचे औषध आहे, पण यकृतासाठी म्हणून ते दिले जात नाही.

मधुमेहाच्या औषधांच्या ग्लिप्टिन गटानेही उंदरांच्या धमन्यांत आशा दाखवली होती. माणसांत सिटाग्लिप्टिनची चाचणी 14 हजारांहून अधिक रुग्णांवर झाली आणि 2015 मध्ये निकाल लागला: हृदयाला अपाय नाही, फायदाही नाही. सॅक्साग्लिप्टिन घेणाऱ्यांत तर हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण 27 टक्क्यांनी वाढले.

मग उंदीर नेहमीच चुकतो का? नाही. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड अशा जीएलपी-1 गटाच्या औषधांनी उंदरांत दिलेला शब्द माणसांत बऱ्याच अंशी पाळला. लिराग्लुटाइडने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून 13 टक्क्यांनी कमी केले, हे 2016 मध्ये कळले. सेमाग्लुटाइडने 2023 मध्ये, मधुमेह नसलेल्या पण वजन जास्त असलेल्या 17,604 हृदयरुग्णांत हेच प्रमाण 20 टक्क्यांनी घटवले. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाने 72 आठवड्यांत सुमारे 63 टक्के रुग्णांच्या यकृताची सूज ओसरली. नुसते बिनऔषधाचे इंजेक्शन घेणाऱ्यांतही 34 टक्क्यांची ओसरली. या दुसऱ्या आकड्यामुळेच पहिल्याची खरी किंमत समजते. उंदरांच्या पातळीवर मेटफॉर्मिन, ग्लिप्टिन आणि सेमाग्लुटाइड सगळीच आशादायक होती. त्यातले कुठले खरे उतरणार, हे माणसांवरच्या चाचणीनेच ठरवले.

महाराष्ट्राला यात आणखी एक प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारीशेजारी छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार असा हा भारतीय रुग्ण चारून फुगवलेल्या उंदरात कसा दिसणार? याज्ञिक यांचा सहभाग असलेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदरांचे मोठे भाऊबंद, विस्टार जातीचे घुशीसारखे प्राणी, 50 पिढ्या अर्धपोटी ठेवले होते. नंतर दोन पिढ्या पोटभर खाऊ घालूनही त्यांची मधुमेहाकडे झुकणारी प्रकृती पालटली नाही. पिढ्यान्‌पिढ्या उपासमार पाहिलेल्या समाजाच्या आजाराशी हा प्रयोग अधिक जुळतो. प्राण्यांवरचे संशोधन निरुपयोगी नाही. कोणता प्राणी, कसा वाढवलेला, हे सांगितले पाहिजे.

म्हणून वृत्तपत्रांनी ‘उंदरांमध्ये’ हा शब्द मथळ्यातच घालावा. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून उंदरांचे आलेख पाहणाऱ्या डॉक्टरांनी माणसांतल्या झटक्यांचा आणि मृत्यूंचा आकडा मागावा. आणि रुग्णांनी अशी बातमी वाचून चालू गोळी परस्पर बंद करू नये, नवे इंजेक्शनही मागू नये. कात्रण घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि हे माणसांत सिद्ध झाले आहे का, एवढे विचारावे.