पुसट छायाचित्राचा ताळा

दिवसाअखेरीस रोजमेळात शंभर रुपयांचा फरक आला, तर जाणता मुनीम लगेच कोणावर संशय घेत नाही. तो आधी बेरीज पुन्हा पाहतो, मग एकेक नोंद पडताळतो आणि फरक जिथे आहे तिथेच बोट ठेवतो. टेलिफोटो झूम लेन्सच्या बाबतीत मात्र बहुधा याच्या उलट घडते. हौसेने घेतलेल्या लेन्समधून दूरच्या पक्ष्याची चार छायाचित्रे पुसट आली की दोष लेन्सच्या माथी मारला जातो. मग ती पडत्या भावाने विकली जाते किंवा विनाकारण दुरुस्तीसाठी उघडली जाते. असे नुकसान टाळायचे असेल तर येथेही ताळा घेण्याची शिस्त हवी.

प्रथम पुसटपणाची जात ओळखावी. छायाचित्र संगणकावर मोठे करून पाहावे. पक्षी पुसट, पण त्याच्या पुढची किंवा मागची फांदी स्पष्ट असेल, तर फोकस चुकला आहे. सारे चित्रच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर कॅमेरा हलला आहे. फांदी स्पष्ट आणि पंख तेवढे पुसट असतील, तर पक्षी हलला आहे. शेवटच्या दोन प्रकारांत शटरचा वेग वाढवणे हाच उपाय होय. लेन्स जितक्या मिलिमीटरची, निदान तितकाव्या अंशाचा सेकंद, हा जुना ठोकताळा आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणजे दीडपटीच्या गुणकाचा असेल, तर ३०० मिमीला ४५० धरावे आणि वेग १/५०० सेकंद ठेवावा. उडत्या पक्ष्यासाठी तोही अपुरा पडतो.

फोकसच चुकत असल्याचे दिसले, तर आधी बिनखर्चाच्या गोष्टी तपासाव्यात. लेन्सवरील कळ स्वयंचलित फोकसवर आहे का? काही कॅमेऱ्यांवर अशीच दुसरी कळ असते, तीही पाहावी. व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य अंधुक, पण छायाचित्र स्पष्ट, असे असेल तर नेत्रिकेजवळचे छोटे चाक स्वतःच्या दृष्टीनुसार फिरवून घ्यावे. चष्मा वापरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. नंतर अंतर पाहावे. निकॉनची २००-५०० मिमी लेन्स २.२ मीटरपेक्षा जवळच्या वस्तूवर फोकस करीत नाही आणि तिच्यावरील अंतर मर्यादित करणारी कळ लावलेली असेल, तर ही मर्यादा ६ मीटरवर जाते. अंगणातल्या चिमणीवर फोकस बसत नाही म्हणून लेन्सला दोष देण्यापूर्वी ही कळ पाहिलेली बरी.

झूम लेन्सचा आणखी एक स्वभाव आहे. छायाचित्रणाच्या अनेक झूम लेन्समध्ये मिलिमीटर बदलले की फोकसही सरकतो. १०० मिमीला फोकस करून ३०० मिमीपर्यंत झूम केले, तर फोकस नव्याने करावा लागतो. शिवाय येथे चुकीला वाव फार थोडा असतो. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ६०० मिमी व एफ/६.३ असताना १० मीटरवरील वस्तूच्या आसपास स्पष्टतेची खोली सुमारे १० सेंटिमीटर असते. पक्ष्याच्या डोळ्याऐवजी शेपटीवर फोकस बसला, तरी चित्र वाया जाते. म्हणून फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा. लेन्समागे १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर जोडला की एफ/५.६ ची लेन्स एफ/८ होते. इतक्या कमी प्रकाशात अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांचा स्वयंचलित फोकस अडखळतो.

एवढे करूनही शंका उरली, तर खरी चाचणी घ्यावी. सकाळच्या स्वच्छ उजेडात, साधारण १० मीटरवर, वर्तमानपत्राचे पान फळीवर ताणून सरळ लावावे. कॅमेरा तिपाईवर ठेवावा, कंपनरोधक बंद करावा, सर्वांत मोठे छिद्र आणि सर्वांत लांब झूम ठेवावा व सेल्फ-टायमरने छायाचित्र घ्यावे. तीन छायाचित्रे व्ह्यूफाइंडरमधून आणि तीन लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून घ्यावीत. प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवावा.

लाइव्ह व्ह्यूची अक्षरे स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरची पुसट असतील, तर काच निर्दोष आहे. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा संवेदक निराळा असतो. त्याचा आणि लेन्सचा मेळ बसलेला नसतो. अनेक कॅमेऱ्यांच्या मेनूत ही तफावत दुरुस्त करण्याची सोय असते. मिररलेस कॅमेऱ्यात मोजणी मुख्य सेन्सरवरच होत असल्याने हा प्रश्न सहसा येत नाही. दोन्ही प्रकारची छायाचित्रे पुसट असतील, तर समोरचे फिल्टर व टेलिकन्व्हर्टर काढावे, कॅमेरा बंद करून धातूचे संपर्कबिंदू कोरड्या मऊ कापडाने पुसावेत आणि शक्य असल्यास दुसऱ्या कॅमेऱ्यावर लेन्स लावून पाहावी. तरीही फरक पडला नाही किंवा पानाची एकच बाजू सतत पुसट येत राहिली, तर मात्र लेन्स दुरुस्ती केंद्रात न्यावी.

हवेचे मात्र कोणी ध्यानात घेत नाही. भिगवणजवळ उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी टिपायला जाणारे अनेक जण ऊन चढेपर्यंत थांबतात. तापलेल्या जमिनीवरून व पाण्यावरून थरथरत येणारी हवा दूरचे दृश्य विस्कटते. तिच्यापुढे कितीही मोलाची लेन्स हतबल ठरते. त्याला उपाय दोनच : भल्या पहाटे जावे किंवा अधिक जवळून छायाचित्र घ्यावे.

दुरुस्ती केंद्रात जाताना चाचणीची छायाचित्रे आणि अंतर, मिलिमीटर, छिद्र व वेग यांची लेखी नोंद सोबत न्यावी. ‘फोकस नीट होत नाही’ एवढ्याच तक्रारीवर तंत्रज्ञाला फारसे काही करता येत नाही. नोंद समोर असली की त्याला दोष नेमका कुठे शोधायचा ते कळते आणि हमीच्या मुदतीत ग्राहकाची बाजूही भक्कम राहते.